जनुकांचे वाहक आणि कर्करोग

जळगांवाहून भुसावळकडे जाणाऱ्या वाटेवर नशिराबाद हें गांव लागतें. भोंवतालची जमीन काळी व कसदार. पावसाळ्यांत कपाशी आणि पाण्याची सोय असेल तेथें केळी, हीं इकडचीं मुख्य पिकें. जनुकशास्त्रासारख्या प्रयोगशाळेंतील विद्येचा अशा गांवाशीं कांहीं संबंध असेल, असें वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाहीं. परंतु एका सजीवाचें जनुक दुसऱ्या सजीवांत नेऊन बसविलें असतां काय घडतें, याचा अनुभव येथील शेतकऱ्यानें स्वतःच्या शेतांत घेतलेला आहे. आणि त्यांत लाभ जसा आहे तशी हानीहि आहे. कर्करोगाच्या पेशींपर्यंत औषधी जनुकें पोंचविण्याचे जे प्रयत्न आज परदेशांत आणि आपल्या मुंबईंतहि चालू आहेत, ते समजून घेण्यास कपाशीच्या शेतापासूनच आरंभ करणें सोयीचें होईल.

सजीवाचें शरीर पेशींचें बनलेलें असतें, आणि कोणतें प्रथिन केव्हां व कसें तयार करावयाचें याच्या आज्ञा प्रत्येक पेशीच्या केंद्रांत जणूं लिहून ठेवलेल्या असतात. अशी एकेक आज्ञा म्हणजे एकेक जनुक. भारत सरकारनें २००२ सालीं ज्या नव्या कपाशीच्या लागवडीस परवानगी दिली, तिच्यांत मातींतील एका जिवाणूचें जनुक बसविलेलें होतें. त्या जनुकाच्या आज्ञेनें कपाशी स्वतःच बोंडअळीस मारक असें प्रथिन तयार करूं लागली. 'बीटी' हीं दोन अक्षरें त्याच जिवाणूच्या नांवावरून आलेलीं आहेत.

आतां, तें जनुक कपाशीच्या पेशींत शिरलें कसें? पेशीस भिंत असते, आणि परक्यास ती सहसा आंत घेत नाहीं. निसर्गांत असा एक जिवाणु आहे, कीं जो झाडाच्या खोडावरील जखमेंतून आपल्या जनुकांचा कांहीं भाग पेशींत सोडतो आणि तेथें गांठ वाढवितो. वनस्पतींना होणारा हा एक प्रकारचा अर्बुदरोगच होय. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हें ओळखून शास्त्रज्ञांनीं त्याच जिवाणूस कामास लावलें. गांठ आणणारा भाग त्याच्यांतून काढून टाकला, त्या जागीं हवें तें जनुक ठेवलें, आणि त्याच्या हातून तें कपाशींत पोंचविलें. पुढें २००६ सालीं जी दुसरी सुधारलेली कपाशी आली, तिच्यांतील आणखी एक जनुक निराळ्या रीतीनें आंत घातलेलें होतें. धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर तें जनुक चढवून, ते कण यंत्राच्या साहाय्यानें बंदुकीच्या छऱ्यांप्रमाणें पेशींवर सोडण्यांत आले होते. एक सजीव वाहक आणि दुसरा निर्जीव कण, असे हे दोन मार्ग. माणसाच्या रोगावर उपचार करणाऱ्यांपुढेंहि मूलतः हेच दोन मार्ग आहेत.

माणसाच्या शरीरांत पेशींची वाढ व नाश यांचा मेळ सतत राखला जातो. जखम भरून येत असतां पेशी वाढतात आणि ती भरली कीं थांबतात. हें थांबणें जनुकांच्या आज्ञेनें होतें. 'पी-५३' या नांवानें ओळखलें जाणारें जनुक या कामीं फार महत्त्वाचें आहे. पेशींतील जनुकद्रव्यास इजा पोंचली तर तें पेशीची वाढ रोखतें, आणि इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर त्या पेशीस मरण्याची आज्ञा देतें. माणसांत आढळणाऱ्या कर्करोगांपैकीं सुमारें निम्म्यांत हेंच जनुक बिघडलेलें असतें. पहारेकरी निकामी झाला कीं पेशी बेबंद वाढतात, शेजारच्या भागांत घुसतात आणि रक्तावाटे दूर जाऊन नवें ठाणें मांडतात.

मग बिघडलेल्या जनुकाच्या जोडीस एक चांगलें जनुक धाडावें, हा विचार सुचण्यास सोपा आहे. कठीण आहे तें पोंचविणें. कपाशीच्या बाबतींत एका पेशींत जनुक नीट बसलें तरी भागतें. कारण त्या एका पेशीपासून अख्खें झाड वाढवितां येतें, आणि ज्या असंख्य पेशींत तें बसलें नाहीं त्या फेंकून देतां येतात. जळगांव जिल्ह्यांत केळीच्या कंदाच्या कोंभांतील थोड्याशा ऊतीपासून हजारों रोपें करण्याचा उद्योग चालतो. त्यावरून वनस्पतीच्या पेशीची ही शक्ति तेथील लोकांच्या परिचयाची आहे. रोग्याच्या बाबतींत असें कांहींच करतां येत नाहीं. तेथें रोगाच्या कोट्यवधि पेशींपर्यंत पोंचावें लागतें, निरोगी पेशींना धक्का लागूं द्यावयाचा नसतो, आणि ज्या पेशी सुटतात त्याच पुन्हां वाढून रोग उलटवितात. शेतांत चुकलेल्या पेशींची किंमत शून्य असते. रुग्णाच्या शरीरांत ती त्याच्या प्राणाएवढी असूं शकते.

प्रथम वाहक म्हणून पुढें आले ते विषाणु. पेशींत शिरून आपलीं जनुकें सोडणें हाच विषाणूंचा स्वभाव असल्यामुळें त्यांची निवड साहजिक होती. सप्टेंबर १९९० मध्यें अमेरिकेंत जन्मतः रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या एका लहान मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला. पुढें मात्र दोन घटनांनीं या विद्येस जबर धक्का बसला. १९९९ सालीं फिलाडेल्फिया येथें अशाच एका प्रयोगांत अठरा वर्षांचा तरुण मृत्यु पावला. त्याच्या शरीरानें वाहक विषाणूविरुद्धच उग्र प्रतिक्रिया केली होती. फ्रान्समध्यें तर कांहीं बालकांचा मूळ रोग बरा झाला, पण विषाणूनें आणलेलें जनुक नको त्या जागीं बसल्यामुळें त्यांतील कांहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचें २००२ पासून दिसून आलें. औषध चांगलें होतें. घात झाला तो वाहकामुळें.

चीननें २००३ सालीं पी-५३ जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूचें औषध डोकें व मान यांच्या कर्करोगासाठीं मंजूर केलें. तें सुईनें थेट गांठींत टोंचतात. दिसणाऱ्या व हातास लागणाऱ्या गांठीपुरती ही युक्ति ठीक आहे. परंतु शरीरांत पसरलेल्या रोगाचा ठावठिकाणा सुईस कसा लागावा?

मुंबईंत या अडचणीवर जो तोडगा अमलांत आला तो मोठा बोधप्रद आहे. पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेंत डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनीं टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांसह 'नेक्सकार-१९' हा उपचार सिद्ध केला. परळ येथें जें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, त्याच परंपरेंतील हें केंद्र. या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं पवई येथें राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें त्याचें लोकार्पण झालें. भारतांत तयार झालेला या जातीचा हा पहिलाच उपचार होय.

याची रीत अशी. जनुक रोगाच्या पेशींत धाडावयाचेंच नाहीं. तें शरीराच्या शिपायांस द्यावयाचें. रक्तांतील टी-पेशी या रोगप्रतिकाराचें काम करितात. रुग्णाच्या रक्तांतून त्या वेगळ्या काढतात, आणि रोग उत्पन्न करण्याची शक्ति काढून घेतलेल्या विषाणूच्या साहाय्यानें त्यांच्यांत एक नवें जनुक घालतात. त्या जनुकामुळें टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा आंकडा उगवतो. 'सीडी-१९' या नांवाचें प्रथिन जिच्यावर असेल अशा पेशीस हा आंकडा पकडतो, आणि टी-पेशी तिला ठार करते. अशा शिकविलेल्या पेशी प्रयोगशाळेंत वाढवून, त्यांची कसून परीक्षा करून, त्या पुन्हां त्याच रुग्णास शिरेवाटे देण्यांत येतात. विषाणूचें काम शरीराबाहेर उरकलें जात असल्यामुळें वाटा चुकण्याचा प्रश्न तेथें बराच कमी होतो.

बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या रक्ताच्या व रसग्रंथींच्या कांहीं कर्करोगांवर हा उपचार देतात. इतर औषधांस दाद न देणाऱ्या किंवा रोग उलटलेल्या रुग्णांवर झालेल्या चांचणीचे निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत तपासलेल्या रुग्णांपैकीं शेंकडा सुमारें ७३ जणांत रोगानें माघार घेतल्याचें आढळलें. ज्यांचे इतर उपाय थकले होते, त्यांच्या बाबतींत ही गोष्ट लहान नव्हे. परदेशांत या जातीच्या उपचारास तीन-चार कोटि रुपये लागतात. येथें तो त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शांत होऊं शकतो.

तथापि याच्या मर्यादाहि स्पष्ट आहेत. प्रत्येक रुग्णाचें औषध निराळें, त्याच्याच पेशींतून केलेलें. एकाचें दुसऱ्यास चालत नाहीं आणि आगाऊ करून ठेवतां येत नाहीं. त्याला विशेष प्रयोगशाळा, निष्णात डॉक्टर आणि कांहीं दिवस सतत देखरेख लागते. दहावा हिस्सा झाला तरी ती रक्कम कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचीच राहते. शिवाय घट्ट गांठींच्या कर्करोगांत टी-पेशींचा शिरकाव कठीण असतो, आणि निरोगी पेशींवर नसलेली अशी खूण तेथें सहसा सांपडत नाहीं.

आणखी एक मर्यादा खानदेशांतील कापूसकऱ्यास सांगावयास नकोच. दोन-दोन जनुकें घातलेली कपाशी असूनहि २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील पिकाची धूळधाण केली. विषास दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या प्रथम तगल्या, त्यांची प्रजा वाढली, आणि अखेर शेतें त्यांचींच झालीं. कर्करोगांतहि असेंच घडूं शकतें. सीडी-१९ ही खूण टाकून दिलेल्या कांहीं पेशी मागें उरतात, आंकड्यास त्या सांपडत नाहींत, आणि रोग नव्या रूपानें परततो. शेत असो वा शरीर, एकाच हत्यारावर विसंबून राहिलें असतां शत्रूंतील त्या हत्यारास न जुमानणारे तेवढे निवडून वाढतात. म्हणूनच आतां एकाऐवजीं दोन खुणा पकडणाऱ्या पेशी करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

येथें दुसरा मार्ग, म्हणजे निर्जीव कणांचा, पुढें येतो. विषाणूऐवजीं स्निग्ध द्रव्याचा अतिसूक्ष्म कण करून त्याच्या पोटांत जनुक, किंवा जनुकाची अल्पकाळ टिकणारी नक्कल, ठेवावयाची. एका मीटरचे शंभर कोटि भाग केले तर एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण बहुधा शंभर नॅनोमीटरांच्या आसपास असतात; माणसाच्या केंसाच्या जाडींत असे सातआठशें कण ओळीनें बसतील. त्यांच्यांत विषाणूचें कांहीं नसल्यामुळें ते स्वतः वाढत नाहींत, आणि ते कारखान्यांत ठराविक मापानें तयार करतां येतात. पुण्याच्या जेनोव्हा या कंपनीची कोविडवरील लस जून २०२२ मध्यें मंजूर झाली. तींत अशाच स्निग्ध कणांच्या आधारें संदेश पेशींत पोंचविलेला होता, आणि ती साध्या शीतकपाटाच्या तपमानांत टिकत असे. म्हणजे ही कला महाराष्ट्रास अपरिचित राहिलेली नाहीं.

लस दंडांत टोंचतात आणि तिचें काम बरेंचसें तेथेंच व जवळच्या ग्रंथींत होतें. कर्करोगाचें तसें नाहीं. कण रक्तांत सोडले कीं त्यांतील मोठा वांटा यकृत गिळून टाकतें. यकृताच्या विकारांत ही गोष्ट पथ्यावर पडते, आणि २०१८ पासून असें एक औषध वापरांतहि आलें आहे. परंतु गांठ इतरत्र असेल तर हीच गोष्ट आड येते. यासाठीं कणाच्या अंगावर ओळखीची किल्ली बसविण्याची युक्ति निघाली. कर्करोगाच्या वाढत्या पेशींना लोहाची भूक मोठी असते, म्हणून लोह आंत घेणारीं कुलुपें त्यांच्या पृष्ठभागावर पुष्कळ असतात. त्या कुलुपास लागणारी किल्ली कणावर असली, तर पेशी कणास स्वतःच आंत ओढून घेते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं अशा कणांनीं रुग्णांच्या गांठींतील एक जनुक गप्प करतां येतें, हें २०१० सालीं दाखविलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन चांचणींत किल्ली लावलेल्या स्निग्ध कणांतून पी-५३ जनुकच धाडण्यांत आलें होतें. तें दूरवर पसरलेल्या गांठींत पोंचल्याचें व निरोगी त्वचेंत न आढळल्याचें दिसून आलें.

पण या किल्लीविषयीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. किल्ली कणास वाट दाखवीत नाहीं. कणास पाय नाहींत. रक्त नेईल तिकडे तो जातो. दारापाशीं पोंचल्यानंतरच किल्लीचा उपयोग. टोरोंटो विद्यापीठांतील संशोधकांनीं मागील दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासून २०१६ सालीं असें दाखविलें, कीं शरीरांत सोडलेल्या कणांपैकीं गांठींत पोंचणाऱ्यांचें मध्यम प्रमाण शेंकडा ०.७ एवढेंच आहे. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे होते. शंभर कण निघाले आणि एकहि धड पोंचला नाहीं, असा हा हिशेब. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'कर्करोगावर रामबाण उपाय' अशा मथळ्याखालीं जें येतें, तें वाचतांना हा आंकडा लक्षांत ठेवावा.

यावर शास्त्रज्ञांनीं जो विचार पुढें आणला आहे, त्यांत पवईचा मार्ग आणि कणांचा मार्ग एकत्र येतात. घट्ट गांठींत शिरणें कणास कठीण असलें, तरी टी-पेशी तर रक्तांत व ग्रंथींत फिरतच असतात. मग त्यांनाच ओळखणारी किल्ली कणावर लावून, शिकवण शरीराच्या आंतच कां देऊं नये? पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२२ सालीं उंदरांत हें करून दाखविलें. मात्र तेथें लक्ष्य हृदयाचा एक विकार होतें, कर्करोग नव्हे. माणसांत याची परीक्षा आतां कोठें सुरू झाली आहे. ती उतरली, तर रुग्णाच्या पेशी दूरच्या प्रयोगशाळेंत धाडण्याची गरज उरणार नाहीं, आणि एकाच जातीची कुपी अनेकांस चालेल.

नशिराबादसारख्या गांवाच्या दृष्टीनें या संशोधनाचें खरें महत्त्व येथेंच आहे. आज पवईच्या उपचारास रुग्णास मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालय गांठावें लागतें. जळगांवाहून मुंबई आगगाडीनें सव्वाचारशें किलोमीटरांच्या आसपास आहे. भाड्यापेक्षां तेथील मुक्काम महाग पडतो. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. पेरणी किंवा वेंचणी तोंडावर असली तर घर दोहों बाजूंनीं अडतें. औषध कुपींत बसून जिल्ह्याच्या रुग्णालयांत येऊं शकलें, तर यांतील पुष्कळसा भार हलका होईल. कण पेशीपर्यंत पोंचविण्याची आणि उपचार रुग्णापर्यंत पोंचविण्याची अशा दोन्ही बाबी शास्त्रज्ञांनीं व राज्यकर्त्यांनीं एकाच कामाच्या समजल्या पाहिजेत. पहिली साधली आणि दुसरी राहिली, तर तो लाभ मोजक्यांचाच राहील.

तोंवर एक गोष्ट प्रत्येकाच्या हातांत आहे. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार, आणि त्याचें मुख्य कारण तंबाखू. परळच्या टाटा रुग्णालयांतील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ सालींच प्रसिद्ध केला होता. त्यास ऐंशीं वर्षें उलटलीं, तरी तंबाखूची चंची आणि गुटख्याची पुडी हातांतून सुटलेली नाहीं. तोंडांत न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा दिवसेंदिवस कमी उघडणारें तोंड, यांपैकीं कांहींहि दिसलें तर दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. आरंभीं हा रोग बहुधा दुखतच नाहीं. त्या अवस्थेंत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांनीं तो बरा होण्याचा संभव मोठा असतो, आणि त्यासाठीं कोणत्याहि जनुकाची अगर कणाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. नव्या उपचाराचे कण आपली वाट शोधीत आहेत. त्यांना ती सांपडेपर्यंत वेळेवर तपासून घेण्यासाठीं दवाखान्याची वाट माणसानेंच चालावी लागेल.